पान चारवरचं वाक्य

बाबांच्या खोलीचं दार लागत नाही. लोटलं की पुन्हा वीतभर उघडतं, आणि खिडकीतून वारा आला की चौकटीवर आपटतं. तीन आठवडे मी त्या खोलीत बसून काम करत होते आणि दर दहा मिनिटांनी उठत होते. कधी दारासाठी, कधी दाराचं निमित्त करून. आतल्या बाजूला जिथे कडी असायला हवी तिथे स्क्रूची चार भोकं होती. भोवती लाकडाचा रंग थोडा उजळ होता, भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर राहतो तसा.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. नोकरीभर ते जमीनमोजणीच्या कार्यालयात नकाशे काढत, आणि सव्वीस वर्षं एका मासिकात दर महिन्याला एक लेख लिहीत. विषय म्हटला तर एकच. माणसाने एकटं किती राहावं आणि माणसांत किती. त्यातले निवडक तीस लेख आता पुस्तकरूपाने येणार होते. शेवटी टिपा हव्या होत्या, कारण बाबांच्या लेखांत दुसऱ्यांची वाक्यं येत आणि ती कोणाची हे ते कधीच सांगत नसत. ‘एका जुन्या प्रवाशाने म्हटलं आहे’, ‘एका नाटकातली म्हातारी सुनेला सांगते’, ‘डोंगरावर राहिलेला एक माणूस लिहितो’. बस, एवढंच. मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, नाव का नाही लिहीत. ते म्हणाले, “पाहुण्याची ओळख हुद्द्यासकट करून दिली की लोक हुद्द्याशी बोलायला लागतात.”

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझं आयुष्य हुद्दे नोंदवण्यात जातं.

तरी काम सोपं असायला हवं होतं. आवडलेलं वाक्य बाबा नकाशावरच्या अक्षरासारख्या सुबक अक्षरात एका चिठ्ठीवर उतरवत, खाली पान क्रमांक टाकत आणि चिठ्ठी त्याच पुस्तकात ठेवून देत. पुस्तकाचं नाव लिहायची गरज नव्हती, चिठ्ठी पुस्तकातच तर होती. पण बाबांचे दिवस झाल्यावर आईने सगळी पुस्तकं गच्चीवर नेली, झटकली, दोन उन्हं दाखवली आणि फडक्याने पुसून उंचीप्रमाणे लावली. चिठ्ठ्या तिने टाकल्या नाहीत. एकेक गोळा केली, चुरगळलेल्यांवरून कोमट इस्त्री फिरवली आणि सगळ्या बिस्किटांच्या डब्यात नीट रचून ठेवल्या.

मी आले तेव्हा तिने डबा माझ्यापुढे ठेवला. “एकसुद्धा हरवली नाही,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मी डबा घेतला आणि उघडला.

त्रेपन्न चिठ्ठ्या. नऊशे पुस्तकं. चिठ्ठीवर वाक्य आणि ‘पान ११२’. मी नऊशे पुस्तकांचं पान एकशे बारा उघडून पाहिलं आहे, असं म्हटलं तर थोडीशीच अतिशयोक्ती होईल. प्रवासी तिसऱ्या दिवशी सापडला. नाटकातली म्हातारी आठव्या दिवशी. डोंगरावरचा माणूस शेवटपर्यंत छळत होता. तो एका स्वयंपाकाच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत निघाला. बावन्न चिठ्ठ्या जुळल्या. एक राहिली, आणि ज्या दिवसाबद्दल मी लिहिते आहे त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पुस्तक छपाईला जाणार होतं.

चिठ्ठीवर होतं: ‘एका माणसाचा एकांत म्हणजे बाकीच्या घराने पाय न वाजवता चालणं. पान ४.’

हे वाक्य ‘दाराविषयी’ नावाच्या लेखात येतं. संग्रहातला हा शेवटचा लेख, आणि मला विचाराल तर सगळ्यात चांगला. बाबा लिहितात, ‘एका लेखिकेने, जिचं म्हणणं माझ्यापर्यंत फार उशिरा पोचलं, असं म्हटलं आहे,’ आणि हे वाक्य देतात. मग एकच ओळ: ‘यावर मला बोलता येत नाही.’ पुढच्या परिच्छेदात ते एकदम दारांकडे वळतात. घरांची दारं आतून बंद होतात, दुकानांची बाहेरून, वगैरे. हे त्यांच्या स्वभावाला सोडून होतं. एरवी ते लेखात आणलेल्या प्रत्येक पाहुण्याशी वाद घालत. प्रवाशाला त्यांनी दीड पान झापलं आहे.

मला ते वाक्य पहिल्यापासून आवडलं होतं. बाबांना असं सुचलं नसतं, असंही वाटून गेलं. पण पान चारवर कोणत्या पुस्तकात काय असतं? प्रकाशकाचा पत्ता, आवृत्तीची तारीख, नाहीतर कोरं. पान चारवर कोणी शहाणपणाचं बोलत नाही. तरी मी नऊशे पुस्तकांची चौथी पानं पाहिली. मग माझ्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांना कामाला लावलं. शेवटी कच्च्या टिपेत लिहून ठेवलं, ‘बहुधा गेल्या शतकातल्या एखाद्या लेखिकेच्या दैनंदिनीतून. लेखिका विवाहित असावी व घरात विद्वान पुरुष असावा.’ लिहिताना मला माझ्या तर्कशक्तीचा थोडा अभिमानही वाटला होता.

सकाळी साडेदहाला प्रकाशक काकांचा फोन आला. ते बाबांचे जुने मित्र. दर तीन शब्दांनंतर थांबतात, म्हणून बाबांनी त्यांचं नाव स्वल्पविराम ठेवलं होतं.

“सापडलं का… ते… चौथं पान?”

“नाही काका. पण ‘मूळ उपलब्ध नाही’ असं लिहिता येईल ना?”

“नाही… येणार. मागे एकदा… भोगलंय मी. एका लेखकाने… संताच्या नावावर… स्वतःचं वाक्य खपवलं. दोन वर्षं… पत्रं येत होती. तेव्हापासून नियम… मूळ नाही… तर लेख नाही.”

“पण हा शेवटचा लेख आहे. सगळं पुस्तक त्याच्याकडे येतं.”

“माहीत आहे. मी स्वतः… तीनदा वाचलाय. आणि खरं सांगू… मध्ये काहीतरी… गळलंय त्यात. वाक्य झालं… की एकदम दारं. सांधाच… नाही.” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “चारपर्यंत… वाट बघतो. नाहीतर एकोणतीस लेख… छापू. तुझ्या बाबांना… एकोणतीस आकडा… चालला असता.”

मला तो चालणार नव्हता. कारण सांगायला हवं. चौदा वर्षांपूर्वी मी घर सोडलं तेव्हापासून मी बाबांचं लेखन वाचणं बंद केलं होतं. फोनवर आम्ही बोलायचो. हवा, तब्येत, माझ्या ग्रंथालयात आलेली नवी पुस्तकं. दोघंही सभ्य. ते गेल्यावर मी त्यांचे लेख पहिल्यांदा सलग वाचले, आणि ‘दाराविषयी’ वाचताना मला वाटलं की हा माणूस मला भेटला असता तर बरं झालं असतं. तो लेख पुस्तकातून गेला असता तर तो माणूसही गेला असता.

मी खोलीतून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले. मधल्या रकान्यातली पुस्तकं पुन्हा काढली. दार आपटलं. मी उठले, दाराखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली, बसले. घडी निसटली, दार पुन्हा आपटलं.

“कितीदा उठशील?” अडीच वाजता आई दारात उभी होती, हातात चहाचे दोन कप. “तीन आठवड्यांत खोलीतल्या फरशा झिजवल्यास. आज तो सुतार येतोय, चारला. म्हणजे सहाला. कडी बसवून घेते.”

“आता कशाला कडी? मी उद्या जाणार.”

“तुझ्यासाठी नाही. मला हवी आहे खोली.” तिने कप टेबलावर ठेवला, माझ्या कागदांपासून दोन हात लांब. “एवढं काय अडलंय? तू तर जगातली सगळी पुस्तकं वाचलीस म्हणे.”

“एक वाक्य अडलंय.”

“वाच बघू.”

तीन आठवड्यांत मी तिला एकही चिठ्ठी वाचून दाखवली नव्हती. आई बाबांचे लेख वाचत नसे. ‘जे दिवसभर ऐकते ते पुन्हा छापील कशाला वाचू,’ असं म्हणे. मी वाक्य वाचलं. पान चार, असंही वाचलं.

आईने चहाचा घोट घेतला. “चौथ्या पानावर काही असतं का पुस्तकात? पत्रात असतं.”

“पत्रात?”

“तुझ्याच. सहा पानी पाठवलं होतंस की वसतिगृहातून. पोस्टाने जादा पैसे घेतले होते.”

स्वतःचं वाक्य ओळखू येऊ नये, याची मला अजून लाज वाटते. पण ते पत्र मी बावीस वर्षांची असताना एका बैठकीत लिहिलं होतं आणि पुन्हा वाचायचं धैर्य नव्हतं म्हणून लगेच पोस्टाच्या पेटीत टाकलं होतं. निघायच्या दिवशी सामान रिक्षात चढलं तरी बाबा लेख संपवत आत बसले होते. मग दारापर्यंत आले, हातात पेन तसंच, टोपण न लावलेलं. मला ते टोपण न लावलेलं पेन दिसलं आणि पुढची सहा पानं त्यातून निघाली. त्या पत्राला उत्तर आलं नाही. त्याचं नाव आम्ही दोघांनी कधी काढलं नाही.

“ते पत्र कुठे आहे?” मी विचारलं.

“माझ्या कपाटात. गरम कपड्यांच्या खाली.”

“तिथे कसं गेलं?”

“पुस्तकं झटकताना पडलं. त्या जाड शब्दकोशातून. चिठ्ठी त्याच्या आतच होती. चिठ्ठी डब्यात टाकली, पत्र कपाटात.”

“आई, मी तीन आठवडे—”

“डब्यात घालायचं पत्र होतं का ते? तूच ठरव. घरातलं घरात राहावं म्हणून ठेवलं. आणि तू मला विचारलंस कधी? त्या स्वल्पविरामाला विचारलंस, कॉलेजातल्या चार जणांना विचारलंस. आई काय, इस्त्री करणारी.”

यावर मला बोलता आलं नाही.

ती पत्र घेऊन आली. घड्या इतक्यांदा उघडल्या-मिटल्या होत्या की कागद तिथे कापडासारखा झाला होता. मी पहिलं पान वाचलं नाही. दुसरं, तिसरंही नाही. चौथ्या पानावर, मधोमध, माझं बावीस वर्षांचं तिरपं अक्षर: ‘तुमचा एकांत म्हणजे आम्ही पाय न वाजवता चालणं.’

बाबांनी ‘तुमचा’ काढून ‘एका माणसाचा’ केलं होतं. तेवढ्याने त्यातला राग निघून गेला होता, आणि रागाशिवाय मी माझं वाक्य कधी पाहिलंच नव्हतं.

समासात पेन्सिलीने काही नव्हतं. मी पान उलटंसुलटं केलं, उजेडात धरलं. बाबा समासात लिहीत नसत, हे मला माहीत होतं, तरी पाहिलं.

“काही म्हणाले का ते? पत्र आल्यावर?”

“काय म्हणणार? वाचलं, घडी घातली, जेवले. रविवारी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन गेले आणि त्या कडीचे स्क्रू काढत बसले. अख्खी दुपार. अंगठा कापून घेतला. मी विचारलं, कडीला काय झालं? तर म्हणे, बिघडली होती.” आईने मान हलवली. “कडी कधी बिघडते का? लोखंडाचा तुकडा तो.”

मी दाराकडे पाहिलं. मग पाहवेना म्हणून चहा प्यायला घेतला. तो गार झाला होता.

“म्हणजे ते उत्तर होतं,” मी म्हणाले.

“तुझ्यासाठी असेल. मला तर शिक्षा झाली.”

“तुला?”

“मग? तुला वाटलं मी भिऊन हळू चालायचे? आम्ही पाय न वाजवता, म्हणे. आम्ही कोण? माझं नाव घालायच्या आधी मला विचारलं होतंस?” तिचा आवाज चढला नव्हता. ती कपाची कड बोटाने पुसत होती. “त्यांचं दार बंद, तू शाळेत. सकाळचे दोन तास घरात चिटपाखरू नसायचं. मी बाहेरच्या खोलीच्या खिडकीत बसायचे. काही करायचे नाही. कोणी विचारायचं नाही. चैन होती ती. कडी गेली आणि हे दर अर्ध्या तासाला बाहेर. काय करतेस? चहा झाला का? आज हवा कशी आहे? चौदा वर्षं डोकं खाल्लं माझं. एकटी बसलेली दिसले की त्यांना वाटायचं मी दुःखी आहे.”

“तू सांगायचंस ना त्यांना.”

“सांगायचं? त्यांना किती बरं वाटत होतं माझ्याशी बोलताना. पहिल्या-पहिल्यांदा तर विषयसुद्धा सुचायचा नाही, नुसते उभे राहायचे दारात. मग कसं सांगू, की आत जा?”

मला एकाच वेळी हसू येत होतं आणि दुसरं काहीतरी. मी उठले, खिडकीपाशी गेले, परत आले.

“आई, कडी नको बसवूस.”

“का?”

“आता कळल्यावर… ती भोकं तशीच राहू दे.”

“भोकं तुझ्या पुस्तकात ठेव,” आई म्हणाली. “मला इथे कडी हवी. जा आता, तीन वाजले. तो स्वल्पविराम चारला पूर्णविराम देईल.”

छापखाना वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. मी चालत गेले, कारण बसमध्ये बसवलं नसतं. पत्र पिशवीत होतं आणि मी दर कोपऱ्यावर ते आहे ना हे बघत होते. लेख वाचवायला ते दाखवावं लागणार होतं. बावीस वर्षांच्या मुलीने बापाला लिहिलेली सहा पानं, ज्यांत चौथ्या पानावरचं वाक्य सगळ्यात सौम्य होतं.

काका मुद्रितांच्या ढिगामागे बसले होते. मी बाकीची पानं मागे दुमडून फक्त चौथं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चिठ्ठीशी ताडून पाहिलं. मग अक्षराकडे पाहिलं आणि माझ्या टिपांच्या कागदावरच्या अक्षराकडे.

“पुढची पानं?”

“ती छापायची नाहीत.”

“नको… नको.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ ते स्वल्पविरामावरच थांबले होते. “मला वाटलं होतं… सांधा गळलाय.”

“गळलेला नाही. दारावर आहे. म्हणजे, दारावर होता.”

त्यांना ते कळलं नसावं, पण त्यांनी विचारलं नाही. “टीप काय… लिहू?”

“लेखकाला आलेलं खासगी पत्र, पान चार.”

“कोणाचं… पत्र? माझा नियम… नावाचा आहे.”

“बाबा पाहुण्यांची ओळख करून देत नसत, काका.”

“पाहुण्यांची,” ते म्हणाले. फक्त एकच शब्द, आणि या वेळी मध्ये न थांबता.

मी त्यांचं पेन घेतलं. लिहिलं: ‘लेखकाला त्यांच्या मुलीने लिहिलेल्या पत्रातून, पान ४.’ मग हात थांबला. पेन परत देणार होते. दिलं असतं तर काम झालं होतं. पण मूळ पाठ आणि छापील पाठ यांत फरक असला तर तो नोंदवायचा, हे मी दहा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवते. मी पुढे लिहिलं: ‘मूळ पत्रात “एका माणसाचा” या जागी “तुमचा” असा शब्द आहे, “बाकीच्या घराने” या जागी “आम्ही”. बदल लेखकाने केला.’

काकांनी वाचलं. “हे… असू दे?”

“असू दे.”

“आणखी… काही?”

“त्या ‘आम्ही’बद्दल एक आक्षेप आला आहे. पण आज दुपारी आला. दुसऱ्या आवृत्तीत बघू.”

ते हसले आणि मुद्रितांवर शिक्का मारला. तीस लेख. बाहेर आल्यावर सगळं हलकं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तसं वाटलं नाही. सिग्नलला उभं राहवेना, म्हणून मी लांबच्या रस्त्याने, न थांबता घरी गेले.

सुतार सहाऐवजी पाचलाच येऊन गेला होता. दारापाशी लाकडाचा भुगा गोळा करून ठेवलेला होता आणि बाबांच्या खोलीचं दार बंद होतं. पूर्ण बंद. मी ते कधी तसं पाहिलं होतं हे आठवायला मला त्या रिक्षाच्या दिवसापर्यंत मागे जावं लागलं. आतून काहीच आवाज येत नव्हता. खिडकीतल्या खुर्चीचासुद्धा नाही.

मला आईला सांगायचं होतं की लेख राहिला. टिपेत काय लिहिलं तेही. मी बाहेरच्या खोलीत चपला काढल्या, पिशवी आवाज न करता खुर्चीत ठेवली आणि दारापर्यंत गेले. ठोठावायला हात उचलला, मग खाली घेतला. तशीच परत वळले. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की मी टाचा उचलून चालते आहे, कुठली फरशी हलते ते चुकवत, गच्चीचा जिना उतरतो तिथल्या करकरणाऱ्या फळीला वळसा घालत. चौदा वर्षांत एकही जागा विसरले नव्हते.

“कोण आहे?” आतून आई म्हणाली. “जरा पाय वाजवत ये की. घाबरले ना मी.”